झाकणावरचं कुंकू

पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलं की त्या वासाने शिरवणे गावची ती मावशी आठवते. लाकूड कापायचे जुने चेनसॉ दुरुस्त करायची माझी हौस ऐकून तिने वारलेल्या नवऱ्याचा चेनसॉ आणून दिला होता. एकदा त्याचा आवाज ऐकायचा होता तिला. मी कार्ब्युरेटर धुतला, गंज काढला, झाकणावरचे लाल डाग घासून वर नवा केशरी रंग मारला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मशीन घुमलं तशी ती हसली, मग झाकण चाचपू लागली. "दसऱ्याला मालक कुंकू लावायचे. त्यांची बोटं होती ना इथं?" मला तो गंजच वाटला होता. माझा चेहरा बघून तीच म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाला, रंग पन चांगला हाय." पण मशीन न घेताच गेली. आज दसरा. बाकी सगळ्या मशिनांना कुंकू लावलं. त्या केशरी झाकणावर मात्र बोट टेकत नाही.