सुपारी, कण्या आणि कानापुढचा सांधा

अमरावतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या दोन्ही कानांपुढे बोटे ठेवून तोंड उघडायला सांगितले, आणि त्यांनी विचारलेल्या पहिल्याच प्रश्नाला मी खोटे उत्तर दिले. दुखण्याइतकाच त्या खोट्याचाही मला त्रास झाला, म्हणून तिथूनच सांगतो.

डॉक्टर म्हणाले, ‘‘हे दाताचं दुखणं नाही. टेम्पोरो-मँडिब्युलर जॉइंट दुखावला आहे.’’ म्हणजे खालचा जबडा कानाच्या अगदी पुढे जिथे कवटीला जोडलेला असतो, तो सांधा. बोलताना, चावताना, जांभई देताना तोच हलतो. धडधाकट माणसाच्या तोंडात तीन बोटे उभी मावतात. माझ्या तोंडात एक बोट जेमतेम जात होते आणि उजव्या बाजूला कट् असा आवाज येत होता.

‘‘कठीण काही चावता का? सुपारी?’’

मी म्हणालो, जेवणानंतर एखादा विडा, तेवढाच.

माझी बायको पार्वती दाराशी उभी होती. तिला खरे काय ते ठाऊक होते. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, ‘‘माह्याच हातची भाकर जाड होते, सायेब.’’ डॉक्टर तिच्यावर जरा चिडलेच. आजारी माणसाला असे खाऊ घालतात का, म्हणाले. यापुढे सारे मऊ अन्न द्या, अशी तिला ताकीद दिली. मी खाली मान घालून बसून राहिलो.

आमचा अंजनगाव सुर्जीला पानमळा आहे. वेलीचे सोवळे आम्ही पाळतो, मळ्यात कोणी चप्पल घालून येत नाही. तशीच एक दुसरी रीत आहे. पान घ्यायला व्यापारी आला की मालकाने आधी स्वतः विडा खायचा, मग त्याच्या हातावर ठेवायचा. पानवाला स्वतः खात नसला की माल खोटा आहे असा संशय येतो. ही रीत मी जरा जास्तच पाळली. व्यापारी असो नसो, दिवसभर माझ्या उजव्या गालात टणक सुपारी असायची.

आधी कान दुखू लागला. मी कानात कोमट तेल घातले. मग दाढ दुखते असे वाटले. पानांच्या करंड्या घेऊन अकोल्याला गेलो होतो, तेव्हा जुन्या शहरात एका दात काढणाऱ्यासमोर बसून दाढ उपटून घेतली. दाढ चांगली निघाली. दुखणे जागच्या जागीच होते.

मग मी भाकरीवर घसरलो. एका दुपारी ताट सरकवून पार्वतीला म्हणालो की तुझ्या भाकरीने माझे तोंड मोडले, आणि शेजारी दादांच्या घरी जेवू लागलो. नवरा भावाच्या चुलीवर जेवतो, याचा अर्थ गावात कोणाला सांगावा लागत नाही. वहिनींनी तो विहिरीवर सांगितलाही. वास्तविक त्यांच्या भाकरीनेही माझा जबडा तितकाच ठणकत होता, पण ते मी बोललो नाही.

अमरावतीहून परतल्यावर मी पुन्हा घरी जेवू लागलो. पार्वतीने जवारी भरडून ताकात कण्या शिजवायला सुरुवात केली. मऊ भात, मुगाचे घोटलेले वरण, वांग्याचे भरीत, शिजवून कुस्करलेले लाल कोहळे. मी ते निमूट खायचो आणि मळ्यात जाऊन सुपारी फोडायचो. तोंड उघडेना. वहिनी कुंपणापलीकडून विचारायच्या, ‘‘काय चारून राहिली वं नवऱ्याले? कण्यावर कण्या, अन् तोंड तं उघडतच नाही.’’ पार्वती ऐकून घ्यायची.

एका सकाळी मळ्यात व्यापाऱ्यासमोर विडा चावताना जबडा अडकला. तोंड ना मिटेना ना उघडेना, लाळ सदऱ्यावर. व्यापारी घाबरून वेलीपासून दूर सरला, जणू मी मळाच बाटवणार होतो. दादांनी मला सर्व्हिस मोटारीत घालून अमरावतीला नेले. डॉक्टरांनी दोन्ही अंगठे आत घालून जबडा खाली दाबला तेव्हा तो जागेवर आला. दादा बाहेर बाकावर बसले होते. बोलता येताच मी डॉक्टरांना सारे सांगितले.

ते हात धूत होते. म्हणाले, ‘‘म्हणजे त्या बाईंना मी उगाच बोललो. माझ्या वतीनं त्यांना सांगा. तुमचं तुम्ही काय ते बघा.’’

त्यांनी सांगितलेले, ज्यांना हे दुखणे असेल त्यांच्यासाठी लिहितो. सुपारी पूर्ण बंद. ऊस, फुटाणे, हुरडा, अख्खा पेरू दूर ठेवावा. घास लहान घ्यावा आणि दोन्ही बाजूंनी चावावा. जांभई आली की हनुवटीखाली हात धरावा. गालाला शेक द्यावा, मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून. हाताच्या पंज्यावर गाल टेकून बसू नये, ही माझी जुनी सवय होती. मऊ अन्न म्हणजे उपास नव्हे, दूध, वरण, ताक पोटभर घ्यावे, नाहीतर माणूस खंगतो.

सुपारी सुटताना माझे हात रिकामे वाटायचे. चिडचिड व्हायची. तरी सोडली. व्यापाऱ्यांना मी आता पान हातात देतो आणि सांगतो की डॉक्टरांनी मना केले आहे, तुम्हीच खाऊन बघा. पहिले एक-दोघे हसले. एकाने विचारले, पानवाल्याचेच तोंड गेले काय? पण पान त्यांनी खाल्ले आणि करंड्याही उचलल्या. त्या हंगामाचा आमचा सगळा माल मालकाने एकही विडा न खाता गेला. याचा मला मळ्याइतकाच अभिमान वाटतो.

कण्यांवरून मी वरणात कुस्करलेल्या भाकरीवर आलो, मग पातळ भाकरीवर. पार्वतीची भाकर पातळच असते, पदरासारखी. ती पूर्वीही तशीच होती. तोंडात तिसरे बोट शिरले त्या दिवशी मी सगळ्या घराला बोलावून दाखवले. पोरे हसली. पार्वतीही हसली, पण लगेच चुलीकडे वळली. मी डॉक्टरांचा निरोप तिला अजून दिलेला नव्हता. तो द्यायचा तर माझे चुकले हेही सांगावे लागले असते.

अक्षय तृतीयेला दादांकडे सगळ्यांचे जेवण होते. वहिनी तळलेल्या कुरडया वाढत आल्या. मी ताटावर आडवा हात धरला.

‘‘आता कुरडईबी नाही चावत, भाऊजी? भाकरीनं चांगलंच मोडलं म्हणा तोंड.’’

पार्वती आमरस वाढत होती. तिचा हात थांबला नाही. दवाखान्यातही ती अशीच उभी होती, आणि मी असाच बसलो होतो. पंगतीत दादा, पुतणे, दोन पाहुणे. मोठ्यांसमोर मी बायकोला नावाने हाक मारत नसे. त्या दिवशी मारली.

‘‘पार्वते, माहं चुकलं. माहं तोंड माह्या सुपारीनं गेलं. वयनी, हिची भाकर कधीच जाड नव्हती. अमरावतीले डाक्तरासमोर हिनं आळ आपल्यावर घेतला अन् मी तो घेऊ देला. डाक्तरानंबी सांगितलं, हिले उगाच बोललो म्हून. तो निरोपबी मी लपवला.’’

दादांनी घास खाली ठेवला. वहिनी कुरडयांची परात घेऊन तशाच उभ्या. पार्वतीने माझ्या वाटीत रस घातला, काठोकाठ.

‘‘तवाच बोलले असते,’’ ती म्हणाली, ‘‘तं मले इतक्या कण्या भरडा लागल्या नसत्या.’’

पंगत हसली. मी हसलो नाही. मी पुन्हा म्हणालो, या वेळी फक्त तिला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात, ‘‘माहं चुकलं.’’