उकळलेली रबरी नळी

काळोख्या खोलीत तिघं उभी होती, आणि जी बाटली अंधारी राहायला हवी होती, ती निळी उजळली होती.

“असं कसं?” एवढंच झिपरीच्या तोंडून निघालं. केसांना कंगवा लावायचीही सवड नसलेल्या या संशोधक पोरीला हे नाव काचमावशींनी दिलेलं. काचमावशी म्हणजे प्रयोगशाळेत बाटल्या धुणाऱ्या आणि जंतूंचं खाणं तयार करणाऱ्या बाई. अकरा वर्षं हंगामी. कायम करण्याची शिफारस मोठ्या सरांच्या टेबलावर सहीवाचून पडलेली.

हे जंतू मोठे मानी. एकट्यादुकट्याने चमकायचे नाहीत. प्रत्येक जण पाण्यात एक रसायन सोडतो. गर्दी जमली की ते दाट होतं. मग जंतूच्या पोटातलं एक प्रथिन ते पकडतं आणि दिवा लावायचा हुकूम देतं. झिपरीने तीन वर्षं खपून या जंतूंचा असा वाण घडवला होता, की त्याला हे रसायन बनवताच येत नव्हतं. पकडणारं प्रथिन मात्र शाबूत. “मावशी, याला ऐकू येतं, पण बोलता येत नाही,” ती सांगायची. “म्हणून हा कायम अंधारात.”

“दुसरे जंतू शिरले असतील,” सर म्हणाले.

“नाही सर, मी तपासलंय.”

“मग तुझा वाणच खोटा. परवा तुझं काम तपासायला समिती बसतेय. काय सांगू त्यांना, तीन वर्षं वाया?”

मावशी आपल्या खोलीत आल्या. पंपाला लावलेली रबरी नळी समोर लोंबत होती. ती पाहिली आणि त्यांना गेला आठवडा आठवला.

या जंतूंचं खाणं उकळलं तर नासतं. म्हणून ते नळीतून गाळणीत सोडायचं; गाळणीत जंतू अडतात. गेल्या आठवड्यात याच नळीतून चमकत्या जंतूंचं पाणी गेलं होतं. अशी नळी फेकून द्यायची, हा नियम. पण धडधाकट वस्तू फेकायला मावशींचा हात धजत नसे. त्यांनी ती उकळून झिपरीच्या वाणाचं खाणं गाळायला पुन्हा लावली. जंतू मेले, रसायन मात्र रबरात चिकटून राहिलं आणि गाळणीतून निसटून खाण्यात उतरलं. ज्याच्या वाट्याला एक वाक्यही नाही अशा नटाला विंगेतून खूण मिळावी आणि त्याने भलत्याच प्रवेशात दिवा घेऊन रंगमंचावर यावं, तसं झालं होतं.

संध्याकाळी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. “आधी सही होऊ दे. मग काय ते सांग.”

“समिती परवाच आहे हो. पोरीची तीन वर्षं जातील.”

“आणि तुझी अकरा?”

“ती माझी आहेत. तिची मी कशी घालवू?”

“मग मला विचारलंस कशाला?” तो म्हणाला आणि त्याने पेपर उघडला. त्याच्याकडून याहून मोठा होकार त्यांना लग्नापासून मिळाला नव्हता.

सकाळी त्यांनी सरांना सांगितलं, “नळी मी फेकली नव्हती. उकळली होती.”

सरांनी चष्मा काढला. “असं किती वेळा केलंत?”

“कधी कधी.”

“कधी कधी म्हणजे कुणाच्या प्रयोगात?”

“आठवावं लागेल.”

मग सरांनी त्याच वाणाच्या दोन बाटल्या लावायला सांगितल्या. डावीतलं खाणं मावशींच्या नळीतून, उजवीतलं कोऱ्या नळीतून.

समितीच्या दिवशी सकाळी तिघं पुन्हा त्या खोलीत शिरली. डोळे अंधाराला सरावायला पाच मिनिटं लागतात. दोन्ही बाटल्या उजळल्या तर मावशी सुटल्या आणि पोर बुडाली. मावशींना स्वतःचाच श्वास ऐकू येत होता.

हळूहळू डावीकडे निळी झाक उमटली, दाट होत गेली. उजवीकडे काही नव्हतं. तिघं आणखी थांबली. उजवीकडे काहीच नव्हतं.

झिपरीने मावशींचं मनगट घट्ट धरलं.

“वाण खरा आहे,” सर म्हणाले. “समितीला मी सांगतो. आणि मावशी, तुमची शिफारस मला थांबवावी लागेल. कुठल्या कुठल्या प्रयोगात उकळलेली नळी गेली, ते सगळं लिहून द्या.”

मावशींनी मान हलवली. अंधारात ती कुणाला दिसली नसणार, म्हणून त्या म्हणाल्या, “देते.”