जाळीच्या खोलीसाठी दुसरा राउटर

दिनांक सोळा फेब्रुवारी. रक्कम एक हजार आठशे दहा रुपये: राउटर चौदाशे पन्नासचा, आणि अठरा रुपये मीटरनं वीस मीटर केबल, तीनशे साठची. हजर मी, बायको आणि माझी आई. मागच्या खोलीत, लावलेल्या लोखंडी दाराच्या आत, मुलगी आणि तिचं अकरा दिवसांचं बाळ.

मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आमच्याकडे बाळंतीण सव्वा महिना, म्हणजे चाळीस दिवस, खोलीबाहेर येत नाही. दार लावायचं, खिडकी लावायची, कान बांधायचे. बाराव्यापर्यंत तर बाहेरच्या माणसानं उंबऱ्याशीही जायचं नाही. जावई आखातात एका बांधकामावर सुपरवायझर आहेत. त्यांची जेवणाची सुट्टी आपल्या दुपारी अडीचला होते, पाऊण तासाची. त्यांना रजा मिळायला अजून चार महिने होते. आणि मागच्या खोलीत रेंज म्हणून नाही. ना मोबाइलची, ना पुढच्या खोलीतल्या राउटरची. बायको आत जाऊन बाळाचा वीस सेकंदांचा व्हिडिओ काढायची आणि पुढच्या खोलीत येऊन पाठवायची. त्यात मुलीचा आवाज असायचा तेवढा एक शब्द: "बघा."

मला हे सगळं सुरळीत वाटत होतं. बाळाचं वजन मी लिहून ठेवत होतो, आणि ते वाढत होतं. दहाव्या दिवशी आशाताई तपासायला आल्या; सरकारी काम म्हणून त्यांना तेवढं आत सोडलं. जाताना चप्पल घालता घालता मला म्हणाल्या, "दादा, बाळ चांगलंय. ताई चांगली न्हाय."

"ताप आहे का?"

"तापाचं न्हाय हो. इचारलं तर बोलत न्हाय. नवऱ्याशी बोलणं होतंय का तिचं?"

मी रेंजची अडचण सांगितली. "मग तेवढं तरी करा आधी," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मी लोहाऱ्याला जाऊन राउटर घेऊन आलो.

दुकानदारानं एका कागदावर तीन गोष्टी लिहून दिल्या होत्या. नव्या राउटरचा पत्ता, म्हणजे आयपी नंबर, जुन्यापेक्षा वेगळा ठेवा, एकच नंबर चालणार नाही. फोनांना असे पत्ते वाटायचं काम जुन्यालाच करू द्या, नव्यातलं ते बंद करा. नाव आणि पासवर्ड दोन्हींचा सारखा ठेवा, म्हणजे फोन आपोआप जवळचा राउटर धरेल. मी तिन्ही गोष्टी ओळीनं केल्या आणि प्रत्येकीपुढे पेनानं खूण केली.

आईची अट एकच होती. "ते यंत्र लेकराच्या खोलीत न्हाय. त्याचे किरण असतेत."

तेव्हा मी हिशेब केला. पुढच्या राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत अडतीस फूट आणि मधे दगडी भिंती, दीड फुटाच्या. पण खोलीबाहेरच्या बोळात, भिंतीत एक कोनाडा आहे, नऊ इंच खोल. म्हणजे कोनाड्यात राउटर ठेवला तर पलीकडे फक्त नऊ इंच दगड उरतो. मी टेपनं दोनदा मोजलं. केबल भिंतीच्या कडेनं आणली, राउटर कोनाड्यात ठेवला, दिवे हिरवे लागले. बोळात फोनवर पूर्ण रेंज.

"आली का गं?" मी दाराबाहेरून विचारलं.

आतून उशिरा उत्तर आलं. "न्हाय, पप्पा."

"खिडकीकडे जाऊन बघ."

"न्हाय."

"खाटेवर?"

मी राउटर काढून दारासमोर स्टुलावर ठेवला, उलटा केला, अँटेना आडवी केली. एक कांडी यायची आणि जायची. अडीच वाजता जावयांचा कॉल लागला. त्यांचा चेहरा आला, तोंड उघडं, आणि तसाच थिजला.

संध्याकाळी बोळात बसून मी त्या भिंतीकडे बघत होतो तेव्हा मला आठवलं. भूकंप झाला तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. आमच्या गल्लीतली माणसं गेली, आमचं घर तडकलं पण उभं राहिलं. आई त्यानंतर दोन वर्षं छपराखाली झोपली नाही. अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये, पावसातसुद्धा. शेवटी वडिलांनी एक खोली पक्की करून घेतली. दगडाच्या भिंतींना आतून सगळीकडे लोखंडी तारेची जाळी ठोकली, वर सिमेंटचा थर, वर स्लॅब. खिडकीला आणि दाराला लोखंडी पत्रा. जाळीचे तुकडे मीच मोजून गाडीतून उतरवून घेतले होते. चौतीस. मी दगड मोजला आणि जाळी विसरलो. सगळ्या घरात आई फक्त त्या खोलीत निर्धास्त झोपत होती, म्हणून घरातली प्रत्येक जपायची गोष्ट त्या खोलीत जाते. बाळंतीणही तिथंच गेली.

मी आईला म्हणालो, "राउटर आत ठेवावाच लागेल. चौफेर लोखंड आहे, बाहेरून काही आत जात नाही."

"न्हाय जात तर बरंच हाय की."

"पोरगी बोलत नाही, आई."

"मी तुझ्या वक्ताला कुणाशी बोलले? नवऱ्याचं तोंड बघायलाच महिना गेला."

तरी तिनं राउटरला हो म्हटलं, पाळण्यापासून दूर, लांबच्या कोपऱ्यात. आता अडचण केबलची. दार चौकटीत इतकं घट्ट बसतं की केबल मधे आली की अर्धा इंच उघडं राहतं. आईनं दोन बोटं त्या फटीत घालून मला दाखवली. "अर्ध्या इंचातनं वारं येत न्हाय व्हय? सटवीला काय दारं उघडी लागतेत?" तिनं केबल ओढून बाहेर टाकली. मी ती केबल गुंडाळून कोनाड्यात ठेवली.

असे सहा दिवस गेले. बारावं झालं, नाव ठेवलं, पाच बायका आल्या आणि गेल्या. मी रोज अडीचला बोळात उभा राहायचो आणि पलीकडून काही ऐकू यायचं नाही, बाळाचं रडणं सोडून. तेवीस तारखेला ते रडणं थांबेना. थोड्या वेळानं आईच बाहेर आली, बाळ छातीशी धरून.

"भुकेजलंय," ती म्हणाली. "पोरीनं घेतलं न्हाय. भिताडाकडं तोंड करून पडलीय." आणि मग, माझ्याकडे न बघता, "दाराला भोक पाड."

वेल्डिंगवाला पाऊण तासात आला. मशीन लावू दिलं नाही, बाळ घाबरेल म्हणून. त्यानं दाराचा खालचा कोपरा हातानं, कानशीनं घासला. "मावशी, एवढ्या बारीक कामाला सोनाराला बोलवायचं की," तो म्हणाला. आई आत वाकळ आडवी धरून उभी होती, तो घासत होता तेवढा सगळा वेळ. त्याला दीडशे दिले. केबल खाचेतून गेली, दार पूर्ण लागलं.

दुसऱ्या दिवशी अडीचला कॉल चालला. मी बोळात होतो. जावयांचा आवाज स्पष्ट येत होता. "आरं माझं पिल्लू! नाक कुणाचंय हे? माझंच हाय!" मुलगी फोन बाळापुढे धरून होती. चार दिवस असंच. मी वहीत लिहिलं: चालू.

पाचव्या दिवशी जावयांचा आवाज बदलला. "बाळ बाजूला ठेव. तू दिस जरा." मग ते म्हणाले, "वर बघ. काय झालंय तुला?" आणि ती रडायला लागली. तसं रडणं मी तिचं लहानपणीही ऐकलं नव्हतं. त्यात शब्द होते. "मला कोंडल्यागत होतंय. रोज सांगते, कुणी ऐकत न्हाय."

दोन मिनिटांत माझा फोन वाजला. "मामा, तिला डॉक्टरकडं न्या. आजच. मी पाया पडतो तुमच्या."

"सव्वा महिन्याला अजून..."

"मामा, किती दिवस ऱ्हायलेत ते मला सांगू नका."

खरंच, माझ्या तोंडात आकडाच होता. सतरा.

आई दाराशी बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मी कडी काढली तेव्हा ती "वारं लागंल" एवढंच म्हणाली, आणि हलली नाही. तिला ओलांडून जाता येईना. बायको तिच्याशेजारी खाली बसली आणि म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही पुढं बसा गाडीत. तुमच्याशिवाय ती यायची न्हाय." मग आई उठली.

त्या दाराची कडी बाहेरच्या बाजूनं आहे. ती काढायला मला बाळाच्या जन्मापासून तेवीस दिवस लागले. त्यातले बारा मी राउटरला दिले.

उमरग्याच्या डॉक्टरीणबाईंनी मुलीला आत घेऊन अर्धा तास बोलून घेतलं. हा आजार असतो, बाळंतिणींना होतो, बरा होतो, म्हणाल्या. गोळ्या दिल्या, दर आठवड्याला यायला सांगितलं आणि आईला वेगळं बसवून समजावलं, खोलीचं दार दिवसा उघडं ठेवा. आई मान हलवत होती. ऐकत होती का ते सांगता येत नाही. परतताना मुलगी खिडकीशी बसली, काच खाली करून. आईनं पुढून दोनदा मागं वळून बघितलं. काच वर कर म्हणाली नाही.

फी तीनशे, गोळ्या दोनशे ऐंशी. शेवटचे नऊशे, येऊन-जाऊन, जीपवाल्याला दिले.