अर्ध्यात सोडलेली कुस्ती

सातवीत शाळा सुटली आणि मी घरापासून लांब, केजकडच्या एका दूध सोसायटीच्या चारा छावणीवर कामाला लागलो. तिथं ते भेटले, एक जुने पैलवान. पहिल्याच दिवशी त्यांनी आपल्या भाकरीतली अर्धी मला दिली, देताना बघत मात्र दुसरीकडं होते. कान चुरगळलेले, मान जाड आणि आवाज एवढासा.

जत्रेतली शेवटची कुस्ती त्यांनी अर्ध्यात सोडली होती. चित झाले नव्हते. उठले, अंगाची माती झटकली आणि गर्दीतून वाट काढत घरी गेले. गाव ते विसरलं नव्हतं. मी एकदा भीत भीत विचारलं, "का सोडलीत?"

"भ्यालतो," ते म्हणाले. "लई भ्यालतो."

त्या उन्हाळ्यात एका म्हाताऱ्या बाबांची गाय बसली. दुष्काळात बसलेलं जनावर सहसा परत उठत नाही, म्हणून पोटाखाली पोतं घालून चौघांनी तिला उभं धरलं.

"पैलवान, मधीच पळू नका बरं!" एक जण म्हणाला. सगळे हसले. तेही हसले.

बाकीचे तिघं आळीपाळीनं बदलत राहिले, हे हलले नाहीत. दुपारी गाईची मान लोंबली. तिघांनी हात काढले. ती यांच्या अंगावर कलली, तरी पोत्याचं टोक यांच्या मुठीत ताणलेलंच.

बाबा जवळ आले. "गेली ती, लेकरा. सोड आता."

"न्हाई बाबा," ते म्हणाले. "लोक म्हणतेल, आजबी सोडली."