माझं एकमेव इंग्रजी गाणं

हे सांगावं की नाही, याचा विचार करण्यात माझी बरीच वर्षं गेली. आता निवृत्त झालोय, नोकरी जायची भीती नाही, म्हणून सांगतो. चहा ओतून घ्या. माझी फजिती जरा लांबलचक आहे.

१९८४ साल. मिरजेहून येऊन आम्हाला आठेक महिने झाले होते. मी लंडनजवळच्या स्लाऊ गावी एका हॉस्पिटलात प्रसूती विभागात ज्युनिअर डॉक्टर होतो. राहायला हॉस्पिटलचीच दोन खोल्यांची जागा होती, आणि सुनंदा, म्हणजे आमची ही, त्या दोन खोल्यांत थंडीशी भांडत असे.

माझी नोकरी फेब्रुवारीपर्यंतच होती. पुढची हॅरोला मिळण्यासारखी होती, पण त्यासाठी आमचे मोठे साहेब मिस्टर पेल्हॅम यांचं शिफारसपत्र लागणार होतं. नोव्हेंबरात सिस्टर मॉरीननं मला बाजूला घेऊन सांगितलं, "डॉक्टर, साहेब म्हणतात तुमचं काम उत्तम आहे. पण तुम्ही मिसळत नाही."

"म्हणजे काय करू?"

"ख्रिसमस पार्टीत काहीतरी करा. गा."

आता मी गातो. नाही असं नाही. पण माझं सगळं नाट्यसंगीत. स्लाऊच्या सुइणींसमोर नाट्यपद म्हटलं असतं तर त्यांनी मला पलंगावर झोपवून नाडी बघितली असती. इंग्रजी गाणं पाहिजे होतं, आणि मला एकही येत नव्हतं.

मग ते टीव्हीवर सापडलं.

रोज संध्याकाळी बातम्यांच्या आधी लागायचं. समुद्रकिनारा, सूर्यास्त, हातात हात घालून चाललेलं एक जोडपं. पडद्यावर खालून वर शब्द सरकायचे. ते अर्थातच गाण्याचे बोल. पहिल्या ओळीत ती त्याला सोडून जाते. दुसऱ्या ओळीत दोघं नाचत असतात. तिसऱ्या ओळीत तो मोटारीनं कुठेतरी लांब निघालेला असतो, चौथीत एक बाई रडते. मधूनमधून एक जड आवाजाचा बुवा निरूपण करतो.

तुम्ही म्हणाल, दर ओळीला चाल बदलते, गळा बदलतो, हे तुझ्या लक्षात आलं नाही का? आलं ना. मला ते फार आवडलं. रागमालेत नाही का दर ओळीला राग बदलत? म्हटलं, हे लोक आपण समजतो तितके मागासलेले नाहीत.

जाहिरात म्हणाल, तर जाहिरात साबणाची असते, दंतमंजनाची असते. गाण्यांची जाहिरात असते हे मला कोण सांगणार?

पंधरा दिवसांत मी ते निरूपणासकट पाठ केलं. सुनंदा पोळ्या लाटता लाटता ऐकायची.

"अहो, हे गाणं जरा घाईत असल्यासारखं नाही वाटत? एकेका ओळीतच संपतंय सगळं."

"इंग्रजी आहे ते. थंड देश आहे. लवकर आटपतात."

"आणि मधेच बोलता कशाला?"

"ते त्यातच आहे."

बुवाचं शेवटचं बोलणं मला फार भिडायचं. तो म्हणे, 'हे कुठल्याही दुकानात मिळणार नाही.' प्रेमाबद्दल इतकं खरं वाक्य मी ऐकलं नव्हतं. मग तो म्हणे, 'डिलिव्हरीला अठ्ठावीस दिवस लागतील.' इथे मी डॉक्टर म्हणून जरा अडखळलो. पण प्रेमकथेचा शेवट बाळंतपणात होणं योग्यच होतं, आणि दिवसांचा हिशेब कवीला कुठून कळणार, म्हणून सोडून दिलं.

पार्टीत मी सुनंदानं इस्त्री केलेला सूट घालून उभा राहिलो. डोळे मिटले, डावा हात कानाशी नेला आणि सुरू केलं. पहिल्या ओळीला शांतता. दुसऱ्या ओळीला कोणीतरी खोकलं. तिसऱ्या ओळीनंतर मी बुवाच्या जड आवाजात निरूपण केलं, आणि एक सुईण खुर्चीवरून घसरून खाली बसली.

मी थांबलो नाही. भावनेच्या भरात होतो. दुकानात न मिळण्याचं वाक्य तर मी थेट मिस्टर पेल्हॅम यांच्याकडे बघून म्हटलं. ते रुमालानं डोळे पुसत होते. आणि अठ्ठावीस दिवसांत डिलिव्हरी होईल असं मी सांगितलं, तेव्हा अख्खा प्रसूती विभाग टेबलांवर डोकी टेकून हुंदके देत होता.

घरी येताना मी सुनंदाला म्हटलं, "उगाच म्हणतात इंग्रज माणूस भावना दाखवत नाही."

शिफारसपत्र झकास मिळालं. त्यात एक वाक्य मात्र मला कळेना. साहेबांनी लिहिलं होतं, 'यांची विनोदबुद्धी असामान्य आहे.' मी त्या हॉस्पिटलात एकदाही विनोद केला नव्हता. पण हॅरोची नोकरी मिळाली, म्हणून मी खोलात शिरलो नाही.

निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी मिळून मला चार कॅसेटची पेटी दिली. वर तोच समुद्रकिनारा, तेच जोडपं. "तुमच्याशिवाय कोणाला देणार?" मॉरीन म्हणाली. मी पेटी छातीशी धरून सगळ्यांचे आभार मानले.

हॅरोला आल्यावर दुसऱ्या रविवारी आम्ही दोघं ऐकायला बसलो. चार कॅसेट, आठ बाजू. माझं गाणं कुठेच नाही.

"अहो, ही बघा, तुमची ओळ आली," सुनंदा म्हणाली.

आली, पण तो गायक पुढे तीन मिनिटं भलतंच काहीतरी गात बसला. तासाभरानं दुसरी ओळ आली, तिचीही तीच गत. माझं गाणं फोडून त्यात कोणीतरी भरताड घातली होती. निरूपण तर पूर्ण गाळलं होतं.

सोमवारी मी पेटीवरच्या नंबरावर फोन लावला आणि रीतसर तक्रार केली.

"कोणतं गाणं नाहीये, सर?" पलीकडच्या मुलीनं विचारलं.

"नाव माहीत नाही. म्हणून दाखवतो."

म्हणून दाखवलं.

"सर, एक मिनिट थांबाल? हे आमच्या मॅनेजरनं ऐकायला हवं."

मला बरं वाटलं. तक्रार वरपर्यंत जात होती. मॅनेजर आले, मी पुन्हा म्हटलं, या खेपेला आलापासह. पलीकडे पुष्कळ माणसं श्वास रोखून ऐकत असल्याचं जाणवत होतं.

मॅनेजर भला माणूस होता. अगदी हळुवारपणे म्हणाला, "सर, हे गाणं नाहीये. ही आमची जाहिरात आहे. चाळीस वेगवेगळी गाणी आहेत, त्यांतल्या काहींचा एकेक तुकडा आम्ही टीव्हीवर वाजवतो. आणि डिलिव्हरी म्हणजे पोस्टानं पार्सल पोचायला लागणारे दिवस."

मी आभार मानून फोन ठेवला आणि तिथेच जिन्याच्या पायरीवर बसलो. डोळे पुसणारे मिस्टर पेल्हॅम आठवले. खाली बसलेली सुईण आठवली. विनोदबुद्धीचं ते वाक्यही कळलं.

सुनंदाला सांगितलं. ती हसली नाही. लग्नाच्या बायकोचं हेच असतं, ती काळजीच आधी करते. म्हणाली, "अहो, मग आता हॅरोचं काय?"

कारण हॅरोच्या नव्या साहेबांनी ते पत्र वाचून मिस्टर पेल्हॅम यांना फोन केला होता आणि गाण्याची सगळी हकिकत ऐकली होती. पहिल्याच आठवड्यात हात हातात घेऊन म्हणाले होते, "ईस्टरच्या पार्टीत तुमचं ते गाणं झालंच पाहिजे."

नोकरी त्याच गाण्यावर मिळालेली. नाही कसं म्हणणार? ईस्टरला मी पुन्हा तोच सूट घातला, उभा राहिलो, आणि पहिल्या ओळीपासून पोस्टाच्या पार्सलपर्यंत सगळं म्हटलं. या वेळी मला प्रत्येक शब्दाचा अर्थ कळत होता, कुठे हशा येणार तेही माहीत होतं. तिथे तिथे मी थांबलोसुद्धा.

कोणीही हसलं नाही.