करार तपासणारे आतोबा

जगातल्या एकाही पंतप्रधानाला ठाऊक नसेल, पण त्याने सही केलेला पर्यावरणाचा प्रत्येक करार शेवटी तपासणीला किन्हवलीत, आमच्या आतोबांकडे यायचा. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, भूगोलाचे निवृत्त मास्तर. पेपरात कराराची बातमी आली की कात्रण वहीत चिकटवायचं आणि पाच वर्षांनी लाल पेन्सिलीने गुण द्यायचे, हा नव्वदच्या दशकातला त्यांचा शिरस्ता. ओझोनचा करार विशेष श्रेणीत पास झाला. हवामानाच्या करारावर ‘अक्षर सुंदर, उत्तर नाही’ असा शेरा पडला. “सह्या किती झाल्या ते सांगू नकोस,” ते म्हणत, “करार नसता तर काय झालं असतं, ते सांग.” हाच प्रश्न ते लग्नाच्या पंगतीत मुलाच्या बापालाही विचारत, म्हणून आत्या त्यांना शेवटच्या पंगतीला बसवी. मी राहतो मुरबाडला. त्यांच्यासमोर तंबाखू सोडायचं वचन दिलं, तर महिन्याभरात निकाल हातात: किन्हवलीत पास, मुरबाडात नापास. मुरबाडच्या एसटी स्टँडवर त्यांचे माजी विद्यार्थी फार.

त्यांनी स्वतः घडवलेला करार एकच. भाताची रोपं टाकण्याआधी फांद्या जाळून जमीन भाजतात, त्या राबासाठी गावाजवळच्या वाडीतली माणसं झऱ्यावरच्या टेकाडावरची ऐनाची झाडं छाटत. झरा आटू लागला, तेव्हा आतोबांनी गावदेवीपुढे नारळ फोडून सगळ्यांकडून वचन घेतलं, टेकाडावर कोयता चालणार नाही. पाच वर्षांनी तपासणीला निघाले ते मला घेऊन, सकाळचा चहाही न घेता. टेकाड हिरवंगार होतं. त्यांनी उभ्याउभ्या नव्वद गुण लिहिले.

तेवढ्यात वाडीतली सोमीबाय डोक्यावर फांद्यांचा भारा घेऊन आली. आतोबांना राहवेना. “सोमीबाय, नारळ फोडला नसता तर?”

“तेवा हितं तोडायला होतंच काय, गुरुजी? म्हणून तर सगल्यांनी हो म्हटलं.”

पेन्सिल थांबली. “आणि हा भारा?”

“पल्याडच्या डोंगरावरचा. जायला यायला अर्धा दिस जातो.”

“आता इथं वाढलंय की. मग इथलं का तोडत नाय?”

तिने भारा सावरला. “वाटतं ना तोडावं. रोज वाटतं. पण नारल तुमीच फोडलात ना.”

आतोबांनी वही मिटून काखेत मारली आणि परतीची वाट धरली.

पुढे आतोबा वारल्यावर वही माझ्याकडे आली. नव्वदावर काट होती आणि खाली बारीक अक्षरात, ‘निकाल राखून ठेवला.’ राबाच्या दिवसांत मी एकदा तिकडे जाऊन येतो. ऐन उभे आहेत, सोमीबाय अजून पल्याडहूनच भारा आणते. गुण द्यायचा मला काही धीर होत नाही. तंबाखूची डबी तेवढी मुरबाडला परत येईपर्यंत खिशातच राहते.