जीपमध्ये बसवलेली चेटकीण

हल्ली कोणा पुढाऱ्यामागे चौकशी लागली, की तो म्हणतो, ‘ही चेटकिणीची शिकार आहे.’ तशी खरीखुरी शिकार मी डोळ्यांनी पाहिली आहे. ती घटना अजून माझा पिच्छा सोडत नाही.

सत्तरच्या दशकातला उन्हाळा; मी तेव्हा पोलीस ठाण्यात फौजदार. नंदनवनजवळच्या विणकर वस्तीतून खबर आली, एका विधवेला चेटकीण ठरवून झोडपायला जमाव जमला आहे. मी जीप पळवली. म्होरक्या तिचा शेजारीच, हातमागावर विणणारा.

“पंधरा दिवसांपासून साऱ्या गल्लीचं सूत तुटून राहिलं, साहेब. इचंच तुटत नाही. काहून?”

“तुम्हीच सांगा.”

“दारात पानी शिंपडते, पुटपुटते. करणीच हाये.”

गुन्हा ठरला होता, शिक्षाही ठरली होती; पुरावा तेवढा मागून गोळा होत होता. मी बाईंना सर्वांसमोर जीपमध्ये बसवलं, ठाण्यात आणून चहा पाजला. स्टेशन डायरीत लिहिलं, ‘संरक्षणासाठी आणले.’ मग विचारपूस.

“पुटपुटता काय?”

“मालक गेले, पन माग त्यांचाच. त्यांच्यासंग बोलाची सवय हाये.”

“आणि पाणी?”

बाई पहिल्यांदा हसल्या. “सूत वाळलं का तुटते, साहेब. मालक दाराले ओलं गोणपाट बांधत, मीबी बांधते. गल्लीवाल्यायनं औंदा छपरावरचे मातीचे कवेलू काढून टिनं टाकले. घराची भट्टी झाली.”

दुसऱ्या दिवशी मी गल्लीत खेळच मांडला. म्होरक्याच्या दाराला ओली गोणपाटं बांधली, जमीन शिंपली आणि जादूगारासारखा हात फिरवून त्याला मागावर बसवलं. दुपारपर्यंत सूत तुटलं नाही. मिशीला पीळ देत मी विचारलं, “आता चेटूक कोणाचं गा? माझं?”

लोक हसले. मी खूश. बाईंना घरी पोचवलं.

आठवड्याने त्या गाठोडं घेऊन ठाण्यात आल्या. उमरेडला बहिणीकडे निघाल्या होत्या, कायमच्या.

“का? सिद्ध झालं ना सगळं?”

“सुताचं झालं, साहेब. पन लोक म्हनतात, काहीच नव्हतं त पोलिसानं काहून नेली?”

मी जीपने बस स्टँडवर सोडतो म्हणालो.

“नको. पायीच जाते.”

डायरीतला ‘संरक्षणासाठी’ हा शब्द कोणी वाचत नाही. जीपमध्ये कोण बसलं, ते सगळे पाहतात. त्या दिवशी बसवायचंच होतं, तर म्होरक्याला बसवायला हवं होतं. एवढं मला कळेपर्यंत एका बाईचा माग बंद पडला.